तबकड्यांच्या बैठकी

मराठी मुलुखात ग्रामोफोन विकत घेणारा गृहस्थ ते यंत्र केवळ स्वतःच्या कानांसाठी घेत नसे, ही गोष्ट ध्यानात घेतल्यावाचून येथील संगीतश्रवणाचा विसाव्या शतकातील इतिहास नीट उलगडत नाही. ज्याच्या घरी फोनो आला, त्याच्या ओसरीवर किंवा माडीवर रविवारी सकाळी अथवा दिवेलागणीनंतर चार परिचित माणसे जमणार, अलीकडे हाती आलेल्या दोन-तीन तबकड्या यजमान त्यांना मोठ्या अगत्याने ऐकविणार, त्यांपैकी कोणी आपल्या घरून जुन्या उपरण्यात गुंडाळून आणलेली एखादी तबकडी पुढे करणार आणि मग रागाच्या चलनावर, गायकाच्या घराण्यावर व आवाजाच्या लगावावर रात्री उशिरापर्यंत बोलणे चालणार, अशी ती वहिवाट होती. तिला संस्थापक नव्हता, घटना नव्हती, वर्गणी नव्हती. म्हणूनच कंपन्यांचे इतिहास लिहिले गेले, गायकांची चरित्रे लिहिली गेली, पण ‘सध्या आपण काय ऐकत आहात?’ या एका प्रश्नावर पन्नास-साठ वर्षे टिकून राहिलेल्या या बैठकींची नोंद फारशी कोणी ठेवली नाही. शास्त्रीय संगीताचा जाणकार असा जो मराठी मध्यमवर्गीय श्रोता पुढे प्रसिद्धीस आला, तो मैफलींइतकाच, किंबहुना मैफलींहूनही अधिक, या घरगुती बैठकींत घडला, असे माझे मत आहे.

आरंभ अर्थातच परदेशी व्यापाराचा होता. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रणतज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास उतरला आणि गौहरजानप्रभृती गायिकांचे गाणे त्याने मुद्रित करून घेतले. मूळ मुद्रणे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात, तेथे त्यांच्या तबकड्या तयार होत आणि आगबोटीने त्या परत हिंदुस्थानच्या बाजारात येत. ओळख पटावी म्हणून गाण्याच्या अखेरीस गायिका स्वतःचे नाव उच्चारीत असे, ते याच प्रवासामुळे. 1908 साली कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना निघाला तेव्हा हा दूरचा फेरा संपला आणि तबकडी पेठेतल्या दुकानापर्यंत सुलभतेने पोहोचू लागली. ती तयार होई लाखेपासून, आणि लाख तर आपल्याच अरण्यांतून परदेशी जाणारा माल, तेव्हा कच्चा माल, गळा आणि गिऱ्हाईक ही तिन्ही येथलीच होती असे म्हणावयास हरकत नाही.

त्या तबकडीच्या अंगभूत मर्यादा सर्वश्रुत आहेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे आणि बारा इंचीस चार-साडेचार मिनिटे, एवढ्याच अवधीत गायकाला आपले सर्वस्व मांडावे लागे. 1925 नंतर विद्युत्मुद्रणाची पद्धती येईपर्यंत ध्वनिक्षेपक नव्हता, गायकास एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून चढ्या आवाजात गावे लागे, आणि साथीचे वाद्य किती दूर ठेवावे याची उठाठेव मुद्रकास करावी लागे. तास-दीड तास विलंबित ख्यालाची इमारत उभारणाऱ्या कलावंताला ही अट जाचक वाटली तर नवल नाही. जयपूर घराण्याचे अध्वर्यू अल्लादिया खाँसाहेब 1946 सालापर्यंत हयात होते, तरी त्यांनी आपला आवाज तबकडीस दिला नाही, आणि भास्करबुवा बखले 1922 साली निवर्तले तेव्हा त्यांच्या गायकीचा पुरावा शिष्यांच्या कंठांतच तेवढा शिल्लक राहिला. याउलट रहिमत खाँ, रामकृष्णबुवा वझे, अब्दुल करीम खाँ, नारायणराव व्यास, विनायकराव पटवर्धन, मास्तर कृष्णराव या मंडळींनी ती अट पत्करली आणि तीन मिनिटांत रागाचे मुखदर्शन कसे घडवावे याचे एक स्वतंत्र शास्त्रच सिद्ध केले. ज्यांनी अट नाकारली त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, पण ज्यांनी ती पत्करली त्यांचे उपकार अधिक मोठे आहेत.

हे उपकार कोणावर झाले ते पाहिले पाहिजे. तबकडीपूर्व काळात उत्तम गाणे ऐकावयाचे तर संस्थानिकाच्या दरबारात तरी प्रवेश हवा, शेठ-सावकारांच्या दिवाणखान्याचे आमंत्रण तरी हवे, नाहीतर कोल्हापूरच्या देवल क्लबासारख्या संस्थेशी किंवा एखाद्या बुवांच्या शिष्यपरिवाराशी घसट तरी हवी. गणेशोत्सवातील गाणे आणि संगीत रंगभूमी हे दोन मार्ग सर्वांना मोकळे होते खरे, तथापि पहिला वर्षातून एकदाच येई, आणि दुसऱ्यातून मिळे ते नाट्यपद. कचेरीतला कारकून, गावशाळेतला मास्तर, तालुक्याचा वकील, स्टेशनमास्तर, यांना खाँसाहेबांचे गाणे ऐकण्याचा योग आयुष्यात एक-दोनदा आला तरी पुष्कळ. तबकडीने त्यांना तो योग घरी दिला, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पुनःपुन्हा दिला. मैफलीत निसटून गेलेली जागा पुन्हा सापडत नाही, तबकडीतील जागा दहा वेळा सापडते, आणि दहाव्या वेळी तिचे मर्म कळते. श्रोत्याच्या शिक्षणाचा पाया या पुनरावृत्तीत आहे.

स्त्रियांच्या बाबतीत तर हा बदल याहून खोल होता. पेशेवर गायिकांच्या बैठकीस जाणे पांढरपेशा घरातील स्त्रीस त्या काळी निषिद्धच होते, आणि पुरुषांच्या मैफलीतही चिकाच्या पडद्याआड बसावे लागे. त्यामुळे जोहराबाई आग्रेवाली, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, हिराबाई बडोदेकर यांच्यासारख्या गायिकांचे स्वर मराठी माजघरात प्रथम पोहोचले ते तबकडीच्या द्वारे. पुढे हिराबाईंनी तिकिटे लावून जाहीर जलसे केले आणि सभागृहांत कुटुंबवत्सल स्त्रिया निःसंकोचपणे येऊन बसू लागल्या. त्या धीट पावलाचे श्रेय हिराबाईंचेच, पण समोर बसलेल्या बायकांच्या कानांना तो आवाज आधीच ओळखीचा होता, हेही विसरता कामा नये.

या बैठकींचा विधी ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी तो थोडा तपशिलाने सांगतो. यंत्र चौरंगावर किंवा टेबलावर अगदी सपाट ठेवावे लागे, कारण ते थोडे जरी कलले तरी सुई एका बाजूस ओढ घेई. पोलादी सुयांची लहान पत्र्याची डबी जवळ असे, आणि नियमाप्रमाणे तबकडीची प्रत्येक बाजू नव्या सुईने वाजवावयाची असे, कारण झिजलेले टोक लाखेतील रेघ कुरतडते. काटकसरी यजमान एकाच सुईवर चार बाजू वाजवीत, आणि त्यांच्या तबकड्यांच्या खरखरीवरून तो प्रकार जाणत्यास लगेच उमगे. चावी पूर्ण दिली नाही तर शेवटच्या तानेला यंत्र मंदावे आणि स्वर खाली घसरे, म्हणून चावी देण्याचे काम घरातील एखाद्या जबाबदार मुलाकडे असे. तबकडी दोन्ही तळव्यांमध्ये कडेने धरावयाची, रेघांना बोट लावावयाचे नाही, मऊ फडक्याने गोल पुसून मगच थाळीवर ठेवावयाची आणि वाजून झाली की तत्काळ कागदी पाकिटात परत घालावयाची. ती उन्हात राहिली तर लाख मऊ होऊन वाकत असे आणि हातातून निसटली तर तिचे तुकडे होत. वाजत असताना कोणी बोलत नसे. मात्र एखाद्या जागेला समोर गायक बसला असावा तशी दाद आपसूक जाई. तीन मिनिटे संपली, सुई उचलली, की बोलण्यास आरंभ. तबकडी उलटविणे, सुई बदलणे, चावी देणे यांत जो अवकाश मिळे तोच या बैठकीचा खरा प्राण होता, असे मला वाटते. सलग वाजणाऱ्या आजच्या साधनांत तो अवकाश नाहीसा झाला आणि त्याबरोबर ऐकलेल्यावर तिथल्या तिथे विचार करण्याची सवयही उणावली.

सांगली संस्थानच्या दफ्तरात नोकरी केलेल्या एका शिरस्तेदारांची तबकड्यांची वही मला त्यांच्या वंशजांच्या औदार्याने चाळावयास मिळाली. हयातभर बारनिशी आणि रोजकीर्द लिहिणाऱ्या हाताने ती लिहिलेली असल्यामुळे तिची मांडणी कचेरीच्या शिस्तीची आहे. लाल शाईने रकाने आखले आहेत, आणि त्यांत तारीख, तबकडीचा क्रमांक, गायकाचे नाव, राग, हजर मंडळी व शेरा अशी वर्गवारी केली आहे. शेऱ्याच्या रकान्यात त्या माणसाचे रसिकत्व उघडे होते. अमुक तबकडी मिरजेच्या स्नेह्याकडून उसनवार आली आणि सोमवारी पोचती करावयाची आहे, असा एके ठिकाणी तपशील आहे. दुसऱ्या एका ठिकाणी तबकडीवर छापलेले रागाचे नाव बरोबर की चूक यावर हजर मंडळींत दुमत झाले, तेव्हा दोघांचीही मते नोंदवून निर्णय तहकूब ठेवला आहे, आणि सुमारे दोन महिन्यांनी एक गवई घरी आले असता त्यांच्यापुढे ती तबकडी पुन्हा लावून वादाचा निकाल घेतला आहे. हिराबाईंच्या एका तबकडीपुढे, ती पुन्हा लावावी असा माजघरातून निरोप आला व त्याप्रमाणे तीनदा लावली, अशी नोंद आहे. हजर मंडळींच्या रकान्यात मात्र त्या रात्री फक्त पुरुषांचीच नावे आहेत. तो एक निरोप नोंदवून ठेवण्याची बुद्धी त्या शिरस्तेदारांना झाली, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे, कारण माजघरातील श्रोतृवर्गाचा याहून थेट असा लेखी दाखला माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

मिरजेचे नाव या वहीत वारंवार यावे हे साहजिकच होते. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस स्थायिक झालेले, आणि 1937 सालच्या ऑक्टोबरात मद्रासकडील प्रवासात त्यांचे देहावसान झाल्यावर त्यांचा दफनविधीही तेथेच झाला. मृत्यूपूर्वीच्या काही वर्षांत त्यांनी गायिलेल्या तबकड्यांनी, विशेषतः झिंझोटी व भैरवीतील ठुमऱ्यांनी, जे कार्य केले त्याला तोड नाही. गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींना खाँसाहेबांची तबकडी ऐकून गाण्याचे वेड लागले, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली, म्हणजेच पुढचे कुमार गंधर्व, बालवयातच वझेबुवा, खाँसाहेब यांच्या तबकड्या जशाच्या तशा, त्यांच्या हरकती-मुरकतींसह गाऊन दाखवीत आणि थोरामोठ्यांना स्तिमित करीत. या दोन्ही उदाहरणांकडे आपण प्रतिभेचा चमत्कार म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. तथापि त्या मुलांपर्यंत तबकडी पोहोचली कशी, हाही प्रश्न विचारला पाहिजे. कोणीतरी ती विकत घेतली होती, कोणीतरी ती दाराशी, दुकानापुढे, ओसरीवर इतरांना ऐकू जाईल अशी लावली होती. प्रतिभेची चरित्रे लिहिताना त्या अनाम ऐकविणाऱ्यांस आपण नेहमीच वगळत आलो आहोत.

जाणकारांच्या बैठकीत एक वाद ठरलेला असे, आणि तो पट्टीचा. तबकडी मिनिटास 78 फेरे घेते असे मानण्याची रूढी असली तरी आरंभीच्या काळातील मुद्रणांचा वेग एकसारखा नव्हता, कोणी थोडे सावकाश मुद्रित करी, कोणी थोडे जलद. यंत्रावरील वेग कमी-अधिक करण्याचा खटका हलविला की गायकाचा षड्ज त्यासरशी वर-खाली सरकतो, आणि लय व कंठाचा पोतही बदलतो. जुन्या गायकाचा मूळ आवाज कोणता मानावा, यावर म्हणूनच सज्जन माणसेही अटीतटीस येत. ज्यांनी त्या गायकास प्रत्यक्ष ऐकले होते त्यांची साक्ष येथे निर्णायक ठरे. एखादे वृद्ध गृहस्थ डोळे मिटून ऐकत, खटका थोडा मागे घ्यावयास सांगत, आणि एका क्षणी हात वर करून हाच त्यांचा आवाज असा निर्वाळा देत. अशा साक्षी देणारी पिढी आता उरलेली नाही, आणि ज्यांनी त्यांच्या सांगण्यानुसार तबकडीच्या पाकिटावर काळी चार, काळी पाच असे पेन्सिलीने टिपून ठेवले त्यांनी संशोधकांसाठी अमोल साधन निर्माण केले.

एकाच गायकाच्या दोन काळांतील तबकड्या लागोपाठ लावण्याची पद्धतही होती, आणि ती मोठी बोधप्रद असे. जयपूर घराण्याच्या मंजी खाँसाहेबांची तालीम घेण्यापूर्वी मल्लिकार्जुन मन्सूर यांनी हिज मास्टर्स व्हॉइससाठी गायिलेल्या तबकड्या ग्वाल्हेर वळणाच्या, मोकळ्या व धावत्या आहेत, नंतरच्या मुद्रणांत जयपूरची गुंतागुंतीची वीण दिसते. हे ग्रंथात वाचून कळते, पण शेजारी शेजारी ऐकल्याने पटते. तसेच द. वि. पलुसकरांचे. 1955 साली अवघ्या 34 व्या वर्षी ते गेले. त्यांच्या श्री रागाची ती लहानशी तबकडी ज्याच्याजवळ होती त्याच्या घरी पुढे कित्येक वर्षे मुद्दाम ती ऐकण्यासाठी माणसे जात.

साधने बदलली तशी बैठकीचे रूपही बदलले. हिंदुस्थानात 1960 च्या सुमारास दीर्घकाल वाजणाऱ्या तबकड्या आल्या, त्या मिनिटास 33 आणि एक तृतीयांश फेरे घेत आणि एका बाजूस वीसेक मिनिटांचा राग सामावून घेत. अमीर खाँसाहेबांचा मारवा आणि दरबारी 1960 साली अशा एका तबकडीवर आला आणि विलंबित ख्याल प्रथमच आपल्या नैसर्गिक गतीने घरात शिरला. आकाशवाणीने शास्त्रीय संगीत गावोगाव नेले, तरी तिचे काय ऐकावे हे श्रोता ठरवीत नसे, ही उणीव राहिलीच. ध्वनिफितीच्या चकत्यांचा काळ तर वेगळ्याच वृत्तीचा होता. खासगी मैफलींची मुद्रणे करून ठेवणारे रसिक निघाले, पण गायकास वचन दिलेले असल्यामुळे, किंवा दुर्मिळ वस्तू आपल्याकडेच असावी या मोहामुळे, ऐकवीन पण प्रत देणार नाही असा शिरस्ता पडला. केसरबाईंसारख्या मानी कलावतीचा तर मैफलीत मुद्रणास विरोधच असे. संकोच आणि वचन यांचा मान राखलाच पाहिजे, परंतु मालकाच्या पश्चात बुरशी लागून नष्ट झालेल्या फितींचा विचार मनात आला की जीव हळहळतो. कॅसेटीने हा कोंडमारा पुष्कळ अंशी फोडला. प्रत काढणे सोपे झाले, पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊससारख्या रसिक प्रकाशकांनी मैफलींची गाणी सर्वांस उपलब्ध करून दिली, आणि नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मुलांच्या सामानात मसाल्यांच्या पुड्यांबरोबर कॅसेटीही जाऊ लागल्या.

आपल्याला आवडलेले गाणे दुसऱ्याने ऐकावे, या इच्छेचा सर्वांत दूरवर गेलेला दाखला केसरबाईंच्याच स्वराचा आहे. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन अवकाशयाने सोडली, तेव्हा पृथ्वीवरील ध्वनींची एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी प्रत्येकावर बसविली. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या मंडळास संगीताची निवड करावयाची होती, आणि संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंच्या साडेतीन मिनिटांच्या भैरवीची आग्रहपूर्वक शिफारस केली. ती तबकडी सहजी मिळेना, तेव्हा त्या मंडळातील अ‍ॅन ड्रुयन यांनी न्यूयॉर्कमध्ये शोध घेऊन एका भारतीय कुटुंबाच्या दुकानातून ती हस्तगत केली. गोव्यातील केरी गावच्या त्या गायिकेचा स्वर सप्टेंबरच्या पाच तारखेस व्हॉयेजर 1 बरोबर निघाला, आणि सोळा तारखेस मुंबईत केसरबाई निवर्तल्या. अवधी पाहा, साडेतीन मिनिटे, म्हणजे लाखेच्या तबकडीचेच माप. ज्या अटीखाली आपल्या गवयांनी गाणे आटोपशीर केले, त्याच मापात बसणारे गाणे तेथे उपयोगी पडले.

1990 साली मुंबईत तबकड्यांच्या संग्राहकांनी एकत्र येऊन सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन केली, तिच्या सभांतून जुन्या तबकड्या ऐकविल्या जाऊ लागल्या आणि तिच्या नियतकालिकातून सूची व माहिती छापली जाऊ लागली. घरोघरीच्या वहिवाटीस प्रथमच दफ्तर मिळाले. पुढे अनेक संग्रहांचे अंकीय रूपांतर झाले आणि पूर्वी जी तबकडी ऐकण्यासाठी मिरजेहून सांगलीस निरोप जाई ती आता कोणासही घरबसल्या ऐकता येते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र रूपांतर होते ते स्वराचे. पाकिटावरील पेन्सिलीची टिपणे, पट्टीचे निर्णय, दुकानाचा शिक्का, आणि कोणी, कोणास, केव्हा ऐकविले याची बाडे बहुधा रद्दीत जातात. वाडे पाडले जात असताना माळ्यावरच्या जुन्या पेट्या संग्रहालयांस किंवा संग्राहकांस देणाऱ्या कुटुंबांस माझी एवढीच विनंती आहे की तबकड्यांबरोबर त्या घरातील वह्या आणि पाकिटेही द्यावीत, आणि घेणाऱ्यांनी त्यांची फेरिस्त करून त्या तबकड्यांशेजारीच ठेवाव्यात. गायकांचा इतिहास लिहावयास तबकड्या पुरेशा आहेत, श्रोत्यांचा इतिहास लिहावयाचा तर ही बाडे हाताशी असल्यावाचून गत्यंतर नाही.